पाणीपुरवठ्याच्या डोक्यावरचं इंटरनेट बिल: विभागांत वाटणी कशी करावी?

तुमचा प्रश्न मला असा समजला. नगरपरिषदेने स्काडाच्या (पंप, टाक्या यांवर दुरून देखरेख ठेवणाऱ्या यंत्रणेच्या) कामाबरोबर फायबर केबल टाकली आणि लीज्ड लाइन (ठरावीक वेगाची, भाड्याने घेतलेली इंटरनेट जोडणी) घेतली. निविदा पाणीपुरवठ्याची होती, म्हणून वर्षाचं साधारण १३ लाखांचं बिल आजही पाणीपुरवठ्याच्या लेखाशीर्षातून जातं. त्याच जाळ्यावर आता मलनिस्सारण केंद्र, पथदिव्यांचे पॅनेल, कर विभागाचे काउंटर आणि चौकांतले कॅमेरे आले आहेत. मुख्याधिकारी म्हणतात चौघांत सारखं वाटा, पाणीपुरवठा अभियंता म्हणतात ज्याने जेवढा डेटा वापरला तेवढं त्याने भरावं. यातलं न्याय्य काय?

माझ्या मते दोन्ही नाही. १३ लाख हा एक खर्च नाहीच. तो चार-पाच वेगळ्या कारणांनी झालेल्या खर्चांची बेरीज आहे, आणि प्रत्येक कारणाला वाटणीचं वेगळं माप लागतं. त्यामुळे आधी बिल फोडायचं, मग वाटायचं.

आणि ही चार टेबलांमधली ओढाताण आहे असं समजून सोडून देऊ नका. पाणीपुरवठ्याच्या खात्यात पडलेला प्रत्येक रुपया पाणीपट्टीचा दर ठरवताना खर्चात धरला जातो. कर विभागाचं इंटरनेट नळधारकाच्या पाणीपट्टीतून भरणं चूक आहे. १५व्या वित्त आयोगाचा (मार्च २०२६ पर्यंतच्या काळाचा) बंधित निधी, म्हणजे ठरावीक कामांवरच खर्चायचा पैसा, पाणी आणि स्वच्छतेसाठी होता. त्यातून हे देयक गेलं असेल, तर त्यातला कार्यालयीन भाग लेखापरीक्षणात आक्षेपाला पात्र आहे.

काही गोष्टी तुमच्याकडच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी तपासा. पाणीपुरवठ्याचं बँक खातं स्वतंत्र आहे का? सगळे विभाग एकाच नगरपरिषदेचे आहेत, की एखादं काम वेगळ्या कंपनीकडे आहे? केबल स्वतःची की भाड्याची? सेवा कंपनीशी करार किती वर्षांचा? खालची पद्धत सगळीकडे चालते, पण आकडे आणि जमाखर्चाच्या नोंदी यांवरून बदलतात.

आता डेटाप्रमाणे वाटणी का फसते ते पाहू. दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा ४ एमबीपीएसने (सेकंदाला ४ मेगाबिट) चालत असेल, तर दिवसाला ४३.२ जीबी डेटा पाठवतो. जलकुंभावरचा आरटीयू (मोजमापं पाठवणारं उपकरण) पातळी, दाब आणि प्रवाह मिळून मिनिटाला सुमारे २०० बाइट पाठवतो. दिवसाचे तीन लाख बाइटही होत नाहीत, आणि जोडणीचा इतर बोजा धरला तरी एखाद-दोन एमबी. जीबीवर वाटणी केली तर नऊ ठिकाणं जोडलेल्या पाणीपुरवठ्याचा वाटा जवळजवळ शून्य येईल आणि सगळं बिल कॅमेऱ्यांवर जाईल. पण मुख्य लाइन तुटली तर कामाला यावी म्हणून दुसऱ्या कंपनीची राखीव लाइन घेतली कोणासाठी? जॅकवेलचा (नदी किंवा धरणातून पाणी उपसायच्या विहिरीचा) पंप बंद पडल्याचा इशारा रात्री दोन वाजताही आलाच पाहिजे, म्हणून. हा खर्च खात्रीसाठी आहे, डेटाच्या आकारमानाशी त्याचा संबंध नाही.

दुसरी गंमत अशी की कॅमेऱ्यांचं चित्र बहुतेक वेळा इंटरनेटवर जातच नाही. ते तुमच्याच केबलवरून नियंत्रण कक्षातल्या रेकॉर्डरपर्यंत येऊन थांबतं. म्हणजे कॅमेरे लीज्ड लाइन खात नाहीत, ते केबलचे कोअर (आतले काचेचे तंतू) आणि स्विच (तंतू एकत्र जोडणारी उपकरणं) खातात. हे न पाहता काढलेली टक्केवारी कितीही दशांशांपर्यंत काढली तरी चुकीचीच.

माणसांच्या संख्येवर वाटणी हा तिसरा पर्याय लेखा विभागाकडून हमखास येतो. पंपगृहावर एका पाळीत एकच ऑपरेटर असतो. तिथे तो निकष अर्थहीन आहे.

तर बिल फोडू. आकडे उदाहरणादाखल घेतो, तुम्ही तुमच्या देयकांतले घाला. सगळे १८ टक्के जीएसटीसह घ्या. नळाचं पाणी आणि नगरपरिषदेच्या मूळ सेवा यांवर कर लागत नाही, त्यामुळे या देयकांवरच्या जीएसटीची वजावटही साधारणपणे मिळत नाही. तो खर्चच आहे. समजा मुख्य लीज्ड लाइन २०० एमबीपीएसची, वर्षाला ६,००,०००. दुसऱ्या कंपनीची राखीव लाइन १,८०,०००. १८ किलोमीटर केबलची देखभाल ३,००,०००. स्विच, फायरवॉल (जाळं आणि इंटरनेट यांच्या सीमेवरचं राखणदार उपकरण), यूपीएस यांचा घसारा आणि देखभाल करार २,४०,०००. एकूण १३,२०,०००.

मुख्य लाइन २०० एमबीपीएसची घ्यावी लागते ती गर्दीच्या वेळेसाठी. पहाटे चारला ती रिकामीच असते. म्हणून मी महिन्याचा एकूण डेटा पाहत नाही, गर्दीच्या वेळी लाइन कोणी भरली होती ते पाहतो. दर पाच मिनिटांनी नोंद घेतली तर ३० दिवसांत ८,६४० नोंदी होतात. त्यांतल्या एकूण भार सर्वाधिक असलेल्या ५ टक्के, म्हणजे ४३२ नोंदी निवडायच्या. हे ३६ तास. त्या तासांत प्रत्येक विभागाचा सरासरी वाटा किती, तेच लाइनच्या खर्चाचं माप. लिब्रेएनएमएस, झॅबिक्स किंवा कॅक्टाय यांतलं कोणतंही मोफत साधन या नोंदी ठेवू शकतं. किमान तीन महिन्यांच्या नोंदी घ्या, आणि त्यांत मार्च असू द्या, नाहीतर करवसुलीची गर्दी सुटेल. सर्वसाधारण सभेचं थेट प्रक्षेपण झालेला एखादा दिवस मात्र वगळा.

मोजमापात चुका कुठे होतात ते सांगतो, कारण वाद इथेच पेटतात. प्रत्येक विभागाचा स्वतंत्र व्हीलॅन (त्याच केबलवरचं आभासी वेगळं जाळं) हवा, नाहीतर मोजणारच कसं? मोजणी फायरवॉलच्या आतल्या बाजूला करा. बाहेरच्या बाजूला नॅटमुळे (आतले पत्ते एका पत्त्यामागे झाकण्याच्या सोयीमुळे) सगळे विभाग एकाच आयपी पत्त्याखाली दिसतात. जुन्या स्विचचे डेटा मोजणारे ३२ बिटांचे काउंटर ४.२९ जीबी झाले की शून्यावर येतात. १०० एमबीपीएसच्या पूर्ण भारावर हे पावणेसहा मिनिटांत होतं, १ जीबीपीएसवर ३४ सेकंदांत. पाच मिनिटांच्या नोंदीत तो काउंटर मधल्या मधे आठ-आठ वेळा फिरून आलेला असतो आणि सर्वात मोठा वापरकर्ता सर्वात लहान दिसतो. साधनात ६४ बिटांचे काउंटर निवडा. चौथी चूक साधी आहे: येणारा आणि जाणारा डेटा बेरीज करून धरणं. लीज्ड लाइन दोन्ही दिशांना तेवढीच क्षमता देते, म्हणून दोहोंतला मोठा आकडा घ्यायचा.

समजा या मोजणीतून सामान्य प्रशासन ७० टक्के (कर विभाग आणि कॅमेरे त्यातच धरलेत), पाणीपुरवठा १२, विद्युत (पथदिवे) १२ आणि मलनिस्सारण ६ टक्के आलं. सहा लाखांचे वाटे अनुक्रमे ४,२०,०००, ७२,०००, ७२,००० आणि ३६,०००.

राखीव लाइन ज्यांनी मागितली त्यांच्यावरच टाका. पाणीपुरवठ्याची नऊ ठिकाणं आणि मलनिस्सारणाची तीन, मिळून बारा. ठिकाणी १५,००० प्रमाणे १,३५,००० आणि ४५,०००. मात्र हे तेव्हाच न्याय्य, जेव्हा मुख्य लाइन तुटल्यावर फायरवॉल फक्त स्काडाचे व्हीलॅन राखीव लाइनवर वळवतो. सगळं कार्यालय तिच्यावर वळत असेल तर कार्यालयानेही वाटा उचलायला हवा. फायरवॉलचा तो नियम प्रत्यक्ष उघडून पाहा, तोंडी उत्तरावर विसंबू नका. बहुतेक ठिकाणी सगळंच वळतं.

केबलसाठी माप कोअर-किलोमीटर. पाणीपुरवठा ४ कोअर १८ किलोमीटर म्हणजे ७२. मलनिस्सारण २ कोअर ९ किलोमीटर म्हणजे १८. पथदिवे २ कोअर १५ किलोमीटर म्हणजे ३०. कॅमेरे ६ कोअर १० किलोमीटर म्हणजे ६०. एकूण १८०. तीन लाखांचे वाटे १,२०,०००, ३०,०००, ५०,००० आणि १,००,०००. केबल २४ कोअरची आहे, म्हणजे बरेच कोअर पडून आहेत. त्यांचा बोजा आज या चौघांवरच येतो. म्हणून ठरावात एवढं लिहून घ्या की पुढे ते कोअर कोणाला भाड्याने दिले तर उत्पन्नही याच प्रमाणात चौघांना मिळेल. बाहेरच्याला देण्यासाठी लागणाऱ्या परवानग्या हा वेगळा विषय आहे.

केबल तुटल्याची दुरुस्ती या तीन लाखांत मिसळू नका. गळती काढताना पाणीपुरवठ्याच्याच जेसीबीने केबल तुटली तर तो जोड पाणीपुरवठ्याच्या खर्चात. गटाराच्या कामात तुटली तर मलनिस्सारणाच्या. बाहेरच्या ठेकेदाराने तोडली तर त्याच्या देयकातून वसुली. हे नियमात आलं की खोदाईआधी केबलचा नकाशा मागायला माणूस आपोआप येऊ लागतो.

उपकरणांसाठी जोडलेली ठिकाणं मोजा: पाणीपुरवठा ९, मलनिस्सारण ३, पथदिव्यांचे पॅनेल ८, प्रशासन ४, मिळून २४. ठिकाणी १०,००० प्रमाणे ९०,०००, ३०,०००, ८०,००० आणि ४०,०००. घसारा काढताना सगळ्यांना एकच आयुष्य लावू नका. मी केबलला २० वर्षं, स्विच आणि फायरवॉलला ६ आणि यूपीएसच्या बॅटरीला ३ धरतो. पंपगृहाच्या उकाड्यात बॅटरी त्याहून जास्त टिकेल असं धरून चालू नये.

आता बेरीज. पाणीपुरवठा ४,१७,०००. मलनिस्सारण १,४१,०००. विद्युत २,०२,०००. सामान्य प्रशासन ५,६०,०००. समान वाटणीत प्रत्येकावर ३,३०,००० आले असते, म्हणजे मलनिस्सारणाने दुपटीहून जास्त भरलं असतं आणि ते पैसे मुख्यतः प्रशासनाचा भार हलका करण्यात गेले असते.

इथे थांबू नका. सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आहे आणि बहुतेक जण ती गाळतात. प्रत्येक विभागाला विचारा: हे सामायिक जाळं नसतं तर तुमचं काम एकट्याने किती खर्चात झालं असतं? कोणाचाही वाटा या रकमेपेक्षा जास्त नको. आणि उलट बाजूने: हा विभाग जाळ्यातून बाहेर पडला तर खरा खर्च किती वाचेल? वाटा त्याहून कमी नको. या दोन कुंपणांच्या मधे कुठेही पडलेला वाटा बचाव करण्याजोगा असतो. धरणाचा खर्च सिंचन, वीज आणि पिण्याचं पाणी यांत वाटताना हाच विचार वापरतात. अमेरिकेत टेनेसी खोऱ्यातल्या बहुउद्देशीय धरणांच्या हिशेबातून १९३०च्या दशकापासून तो घडत गेला.

वरच्या उदाहरणात विद्युत विभाग पाहा. पथदिव्यांच्या पॅनेलला दर पंधरा मिनिटांनी एक नोंद पाठवायची असते आणि ती अर्धा तास उशिरा पोचली तरी काही बिघडत नाही. आठ पॅनेलना सिमकार्डवाले राउटर बसवले, राउटर ६,००० चा तीन वर्षांसाठी आणि सिम महिना २००, तर पॅनेलमागे वर्षाला ४,४०० म्हणजे एकूण ३५,२००. कार्यालयासाठी महिना १,५०० चं साधं ब्रॉडबँड, जीएसटीसह वर्षाला २१,२४०. एकत्र सुमारे ५६,०००. आणि आपण त्यांच्यावर २,०२,००० टाकतोय! ते उद्या बाहेर पडतील, खर्च मात्र फारसा कमी होणार नाही, आणि त्यांचा वाटा उरलेल्या तिघांवर येईल. ते बाहेर पडल्याने समजा ४०,००० च वाचत असतील, तर ५६,००० घेऊन त्यांना आत ठेवणं सगळ्यांच्या फायद्याचं.

उरलेले १,४६,००० बाकी तिघांत त्यांच्या वाट्यांच्या प्रमाणात टाका. पाणीपुरवठा ४,७१,४५६, मलनिस्सारण १,५९,४१३, प्रशासन ६,३३,१३१, विद्युत ५६,०००. बेरीज पुन्हा १३,२०,०००. मग हीच कसोटी उरलेल्यांनाही लावा. पाणीपुरवठ्याला एकट्याने पूर्ण केबल सांभाळायला ३,००,००० आणि राखीव लाइनला १,८०,००० लागलेच असते. मुख्य लाइन धरण्याआधीच ४,८०,००० झाले, म्हणजे त्यांचा वाटा कुंपणाच्या आत आहे.

मलनिस्सारण म्हणेल, तीन ठिकाणी साधं ब्रॉडबँड घेतलं तरी आम्ही याच्या निम्म्यात सुटतो. इथे तुलना सारख्या दर्जाची हवी. ९९.५ टक्के उपलब्धतेच्या हमीतही वर्षाला ४३.८ तास लाइन बंद राहू शकते, ९९.९ टक्क्यांत ८.७६ तास. घरगुती ब्रॉडबँडला अशी हमी नसतेच. पावसाळ्यात पंप बंद पडून सांडपाणी नाल्यात गेलं तर ते मलनिस्सारणाला चालणार आहे का? चालणार नसेल तर राखीव लाइनसह तुलना करा. स्थानिक स्वयंचलित यंत्रणा पुरेशी आहे आणि इशारा सिमवर आला तरी चालेल, असं त्यांच्या अभियंत्याने लेखी दिलं, तर त्यांना राखीव लाइनमधून खरोखर वगळा. मग पूर्ण १,८०,००० पाणीपुरवठ्यावर येतील, हे पाणीपुरवठ्यालाही आधीच सांगा.

भांडवली खर्चासाठीही दोन कुंपणांचा हाच नियम. समजा नवीन जलवाहिनीचा चर खणला जातोय आणि त्यातच केबलचा डक्ट (केबल ओवायची नळी) टाकायचा आहे. जलवाहिनी एकटी असती तर रस्ता पूर्ववत करण्यासह किलोमीटरला १० लाख, डक्ट एकटा असता तर ४ लाख, एकत्र १०.८ लाख. बचत ३.२ लाख, ती निम्मी-निम्मी करा. जलवाहिनीने ८.४ आणि जाळ्याने २.४ लाख. पाणीपुरवठा म्हणेल चराचे अर्धे पैसे द्या, जाळेवाले म्हणतील आम्ही फक्त डक्टचे ८०,००० देऊ. दोघांनाही हा आकडा पटतो, कारण दोघांचीही सारखीच बचत होते. केबल अनुदानातून झाली असेल तर अनुदानाचा भाग घसाऱ्यासमोर वजा जातो आणि विभागांवर बोजा पडत नाही. पण वीस वर्षांनी ती बदलायला पुन्हा अनुदान मिळेलच असं नाही, तेव्हा छोटा का होईना बदली निधी ठेवा.

जमाखर्च साधा ठेवा. कंपनीला देयक एकाच विभागाने द्यायचं, टीडीएस तिथेच एकदा कापायचा. बाकीच्यांचे वाटे तिमाहीला जर्नल व्हाउचरने त्यांच्या शीर्षांत टाकायचे. पाणीपुरवठ्याचं बँक खातं वेगळं असेल तर प्रत्यक्ष रक्कम वर्षातून एकदा किंवा दोनदा वळती करा, दर महिन्याला धनादेश फिरवू नका. एकाच नगरपरिषदेच्या विभागांत वाटणी केली तर त्यावर पुन्हा जीएसटी नाही. पण एखादं काम स्वतंत्र कंपनीकडे असेल तर तिच्याकडून केलेली वसुली ही सेवा ठरते. ते प्रकरण तुमच्या सनदी लेखापालांना दाखवा. कंपनीकडून लाइन बंद राहिल्याचा दंड मिळाला तर तो ज्या लाइनचा, त्याच लाइनच्या टक्केवारीने परत वाटा. ही रक्कम बहुतेक वेळा कोणाच्याच लक्षात राहत नाही.

टक्केवारी वर्षभर गोठवा. करार ठरावीक रकमेचा आहे. एखाद्याने वापर कमी केला म्हणून बिल कमी होत नाही, फक्त शेजाऱ्याचं वाढतं, आणि दर महिन्याला वाटे हलू लागले की महिन्याला एक वाद ठरलेला. डिसेंबरात, आधीच्या मार्चसह जमलेल्या नोंदींवरून, टक्केवारी नव्याने काढा, म्हणजे अंदाजपत्रकात तरतूद करता येते. मधेच नवीन ठिकाण जोडलं तर त्याचा उपकरणांचा भाग लगेच लावा, बाकीचं एप्रिलपासून. ठरावाला एक पानाचं परिशिष्ट जोडा: चार खर्च, प्रत्येकाचं माप, मोजणीची तारीख आणि दोन कुंपणांचे आकडे. पुढचा लेखापाल बदलून आला तरी त्याला ते पान पुरलं पाहिजे.

राहिला मागच्या वर्षांचा प्रश्न, जो तुमच्या पाणीपुरवठा अभियंत्याच्या मनात नक्की असेल. लेखापरीक्षण झालेली वर्षं उघडू नका. त्या काळातले वाटे मोजायला नोंदीच नाहीत, आणि अंदाजाने केलेली फेरवाटणी टिकणार नाही. चालू वर्षाचे हिशेब अजून बंद झाले नसतील तर १ एप्रिलपासूनची वाटणी एकाच व्हाउचरने करता येईल, पण व्हीलॅन वेगळे करून किमान तीन महिन्यांची मोजणी हातात आल्यावरच. ती मोजणी या आठवड्यातच सुरू करा.